शुभेच्छुकांच्या रांगेतला एक

दुष्काळात कोणाचे धंदे वाढतात ते मला विचारा. टँकरवाल्याचा वाढतो, बोअरवाल्याचा वाढतो आणि आमचाही वाढला होता. बीड बायपासच्या पलीकडे आमचं फ्लेक्सचं दुकान होतं. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते आमच्याच बाजूने पसरत चाललं होतं. आज ज्वारीची धसकटं दिसायची, तिथे चार दिवसांनी चुन्याच्या रेघा मारलेले प्लॉट. नळाचा पत्ता नाही, पण 'निसर्गरम्य परिसर' असा बोर्ड मात्र हजर, आणि तो बोर्ड आम्हीच छापलेला. पाण्याचा टँकर आला की त्याच्या पोटावर वॉर्डातल्या भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो. खाली बायका हंड्यांवरून एकमेकींच्या झिंज्या उपटताहेत आणि वर हा हसतोय. त्या हसण्याचा मला मनापासून संताप यायचा. पण तेही आमच्याकडेच छापलेलं, आणि त्यावरच आमची चूल पेटत होती. मी मुकाट्याने फ्लेक्सच्या कडेला रिंगा ठोकत बसायचे.

मी मूळची लासूर स्टेशनची. लग्न होऊन इथे आले आणि कॉम्प्युटर नवऱ्याकडून शिकले. तो डिझाइन करायचा. गिऱ्हाईक, छपाई आणि भांडणं माझ्याकडे. वाढदिवसाच्या फ्लेक्सची आमच्याकडे ठरलेली रीत होती. मधोमध साहेब. वरच्या कोपऱ्यात साहेबांचे साहेब. आणि सगळ्यात खाली शुभेच्छुकांची रांग, म्हणजे गोल चौकटीत एकेक पोरगा, पेढ्याएवढा चेहरा आणि त्याखाली नाव. त्या रांगेत यायला पोरं जीव टाकायची. गाव सोडून शहरात आलेली, कोणाच्या खिजगणतीत नसलेली ही पोरं. चौकात आपलं तोंड टांगलेलं दिसलं की त्यांना इथले झाल्यासारखं वाटत असावं. मी त्यांची टिंगल करायचे. 'काय रे, उद्या मुंडावळ्या बांधून येशील का फोटोला?' असं म्हणायचे. तीही हसायची.

माझ्या नवऱ्याला फाइलला नाव द्यायचा भारी कंटाळा. सेव्ह करताना कीबोर्डवर पंजा मारायचा आणि जी अक्षरं उमटतील ते त्या फाइलचं नाव. मी कटकट केली की म्हणायचा, "नाव काय चाटायचंय? चित्र दिसतंय ना!" आणि दिसायचं खरं. डेस्कटॉपवर प्रत्येक फाइलच्या जागी त्या फ्लेक्सचं छोटंसं चित्र असायचं. फेटा दिसला की लग्न, केक दिसला की वाढदिवस, दिवा दिसला की मयत. या धंद्यात सगळे असंच करतात. आणि सगळा माल डेस्कटॉपवरच, कारण ते डोळ्यांसमोर असतं. फाइल आतल्या कप्प्यात ठेवली की ती आत गेली, आणि आत गेलेलं परत हाती लागतं यावर आमच्या लोकांचा विश्वास नाही.

त्या उन्हाळ्यात लाइट सांगून जायची आणि न सांगताही जायची. एका सकाळी काम चालू असतानाच ती गेली. बॅटरीने केव्हाच मान टाकली होती, त्यामुळे मशीन धाडकन बंद पडलं. लाइट आल्यावर सुरू केलं, तर डेस्कटॉपवरची सगळी चित्रं गायब. प्रत्येक फाइलच्या जागी कोपरा दुमडलेला कोरा पांढरा कागद आणि खाली नवऱ्याची ती अचाट नावं. नवऱ्याने एका फाइलवर दोनदा टिचकी मारली. कॉम्प्युटरने विचारलं, ही कशात उघडू? घाईघाईत त्याने समोर दिसलं ते नोटपॅड निवडलं. खालच्या चौकटीत 'नेहमी यातच उघडा' अशी टिक आधीच मारलेली होती, ती काही त्याने बघितली नाही. तेव्हापासून कुठलीही डिझाइनची फाइल उघडायला जावं, तर नोटपॅड उघडे आणि त्यात मुंग्यांचं वारूळ फुटावं तशी अक्षरं. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच, असं मी तेव्हा म्हणाले. तेरावा महिना काय असतो ते दुपारी कळलं.

दुपारी कॉम्प्युटर दुरुस्त करणारा हार्डवेअरवाला आला. त्याच्या मागोमाग एक बाई आणि एक माणूस दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. बाईने पदर डोक्यावरून पुढे ओढला होता. माणूस म्हणाला, "ताई, दहाव्याचा फ्लेक्स करायचाय. माझा पुतण्या व्हता. ह्या माझ्या वहिनी, त्येची माय."

ती माणसं सोयगावकडची, मेंढरं राखणारी. त्या वर्षी तिकडे ना चारा ना पाणी, म्हणून मुलाचा बाप मेंढरं घेऊन तापीच्या अंगाला उतरला होता. माय, दीर आणि मुलगा शहराच्या कडेला पालासारखं घर करून राहत होते. मुलगा विहिरींचा गाळ काढायच्या कामाला जायचा. आमच्या भागात जुन्या शेतातल्या विहिरी होत्या. शेतं प्लॉटमध्ये गेली, विहिरी राहिल्या, आणि दुष्काळात त्याच विहिरी खोल करून लोक टँकर भरू लागले. अशाच एका विहिरीत डिझेलचं इंजिन उतरवून पाणी उपसलं होतं. आत धूर कोंडलेला. मुलगा पहिला उतरला आणि वर आलाच नाही. तो ओरडलासुद्धा नाही, असं दीर म्हणाला. ती विहीर भावी नगरसेवकाची, म्हणजे या पोरांच्या साहेबांचीच होती. मोफत पाण्याचे त्याचे टँकर तिथूनच भरायचे.

"फ्लेक्सच्या पैशाचं सायेब बघतो म्हणले," दीर पुढे म्हणाला. "निस्ता त्येंचा फोटू वरती टाका म्हणले."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तरी मी मुलाचा फोटो मागितला. दिराने खिशातून आधार कार्डाची झेरॉक्स काढली. झेरॉक्सची झेरॉक्स असावी, कारण तोंडाच्या जागी शाईचा डाग होता. मायने एकदा त्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

"ह्यो नाय माझा," ती म्हणाली.

मी विचारलं, मोबाईलमध्ये नाही का? तर मोबाईल होता. विहिरीच्या काठावर कपड्यांत ठेवलेला, त्याला ओरखडाही आला नव्हता. पण त्याला नक्षीचं कुलूप होतं, आणि बोट कसं फिरवायचं ते फक्त मुलालाच ठाऊक. दीर तो घेऊन मोबाईलच्या दुकानात गेला. दुकानदाराने कुलूप काढून दिलं. आतलं सगळं पुसून काढून दिलं. फोटो गेले, नंबर गेले. माय म्हणाली की त्याने तिचा आवाजही भरून ठेवला होता, मेंढरांना हाकारतानाचा, तोही गेला.

"सायेबाच्या वाढदिवसाच्या बोर्डावर व्हता की तो," दीर म्हणाला. "खाली, लायनीत. तुमच्याच दुकानात केल्ता. बोर्ड कुणी तरी कापून चारा झाकायला नेला. पण मशीनमंदी आसंल ना, ताई?"

असेल. असायलाच हवा होता. पण मशीनमध्ये तेव्हा पांढऱ्या कागदांशिवाय काही नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

हार्डवेअरवाला खुर्चीत मागे रेलून बसला होता. हा उंटावरचा शहाणा. सर्दी असो की कावीळ, त्याच्याकडे एकच काढा. त्याने येताच दोनचार ठिकाणी टिचक्या मारल्या होत्या, "मशीन हलकी केली" म्हणाला होता, आणि आता निकाल देऊन मोकळा झाला. "भाभी, कुछ नहीं, फॉरमॅट मार देते. एकदम नई जैसी होती."

"आणि आतलं काम?"

"डी ड्राइव्हमध्ये असेल ते राहतं ना. डेस्कटॉपका जाएगा."

आमचं सगळं डेस्कटॉपवरच होतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मी काही बोलायच्या आत दीर पुढे आला. "त्या मोबाईलवाल्यानं बी आसंच म्हणलं व्हतं, नव्यासारखा करून देतो."

कॉम्प्युटर म्हणजे काय ते मायला माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण 'नव्यासारखा' म्हणजे काय ते तिला आता पुरतं माहीत झालं होतं. ती पायरी चढून आत आली आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तिने पालथा हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"ह्याला कुनी हात लावू नगा," ती म्हणाली.

मी हार्डवेअरवाल्याला घालवून दिलं. बऱ्या शब्दांत घालवलं असं म्हणणार नाही. मग समोरच्या नेट कॅफेत गेले. इंग्रजी माझं बेताचं, पण पोटासाठी माणूस काहीही वाचतो. तिथे कळलं ते असं की फाइलला काहीच झालेलं नसतं. कुठली फाइल कोणी उघडायची याची कॉम्प्युटरकडे एक खूणगाठ असते, तेवढी सुटलेली असते. ती बांधून द्यायची. पण घाईने नाही, आणि फाइल नोटपॅडमध्ये उघडली असेल तर तिथे सेव्ह मुळीच करायचं नाही, नाही तर ती कायमची गेली. हे वाचताच मी उठले. धावत दुकानात आले आणि नवऱ्याला विचारलं, "तू सकाळी सेव्ह केलंस का?"

"नाही गं. घाबरून बंद केलं."

त्याच्या भित्रेपणाचे मी आयुष्यात एकदाच आभार मानले.

माय स्टुलावर बसली होती. मी उजवी टिचकी मारून 'यात उघडा' वर गेले, यादीतून आमचं डिझाइनचं सॉफ्टवेअर शोधलं, खालची ती चौकट नीट वाचली आणि टिक मारली. फाइल उघडली. एका हॉटेलाची जाहिरात होती, तंदुरी कोंबडीची, पण मला रडू यायचंच बाकी होतं. डेस्कटॉपवर मात्र कागद पांढरेच. चित्रांचा जो साठा कॉम्प्युटर लपवून ठेवतो, तो वीज जाताना बिघडला होता. लपवलेल्या फाइली दिसायची सोय चालू केली, तो साठा पुसला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. पुसताना मायकडे बघायची हिंमत झाली नाही. तिला न सांगताच पुसला.

पांढरे कागद गेले. पण त्या जागी सगळ्या फाइलींवर एकच खूण आली, सॉफ्टवेअरची. चेहरे नाहीतच. शेकड्याने फाइली आणि सगळ्या सारख्या.

"एकेक उघडत बसायचं का?" नवरा म्हणाला. ते जुनं मशीन एक मोठी फाइल उघडायला चहा होईल इतका वेळ घ्यायचं. दहावा तोंडावर आलेला आणि लाइट पुन्हा कधी जाईल याचा नेम नाही.

मग मला हार्डवेअरवाल्याचं 'हलकी केली' आठवलं. फोल्डरच्या सेटिंगमध्ये गेले, तर तिथे टिक: 'नेहमी फक्त खुणा दाखवा, चित्रं दाखवू नका.' मशीन पळावं म्हणून ही मंडळी सगळ्यांकडे ही टिक मारून ठेवतात. ती काढली.

आणि चित्रं यायला लागली. वरून खाली, एकेक. आधी चौकट, मग रंग. माय स्टुलावरून उठून पडद्यापाशी आली. "ही नवरी," ती म्हणाली. "ह्यो सायेब. ही बी नवरी. ह्यो पुन्यांदा सायेब." प्रत्येक चित्र उमटलं की ती मान हलवायची. नवऱ्याला आणि मला पहिल्यांदाच जरा हायसं वाटलं. मी चहा सांगितला. आपण काही तरी चांगलं काम करतो आहोत, असंही मला वाटून गेलं.

वाढदिवसाचा फ्लेक्स सापडला. नवऱ्याने तो उघडला आणि खालची रांग मोठी करून दाखवली. आम्ही नावं वाचू लागलो, पण मायला वाचता येत नव्हतं आणि गरजही नव्हती. तिने पडद्यावर बोट टेकवलं.

"ह्यो बगा."

पांढरा शर्ट, डोक्याला भरपूर तेल, ओठ घट्ट मिटलेले. आणि डोळ्यांवर काळा गॉगल. शेजारच्या चौघांच्या डोळ्यांवरही तोच होता. एकाने आणला की सगळी टोळी आळीपाळीने घालून फोटो काढायची.

नवऱ्याने चेहरा कापून वेगळा केला आणि मोठा केला. मोठा केल्याने थोडा फाटला, म्हणजे ठिपके दिसू लागले, पण ओळखू येत होता. मागे निळं आभाळ टाकलं, बाजूला दिवा ठेवला, 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं. वरच्या कोपऱ्यात साहेबांचा फोटो. आमच्याकडे साहेबांचा एकच फोटो होता, हसरा. मी म्हणाले, निदान तोंड मिटलेला तरी मागवून घे. नवऱ्याने फोन केला. पलीकडून कोणी तरी सांगितलं, आहे तोच टाका, साहेब त्यात चांगले दिसतात.

माय बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, त्येचा चष्मा काढा ना."

"मावशी, फोटो तसाच आहे."

"व्हय, पर डोळं दिसंनात. आठ दिस झाले, मला त्येचं डोळंच आठवंनात. धुरानं लाल झाल्तं, तेच डोळ्याम्होरं येतंय. काढा ना, बाई."

"चष्म्याच्या खाली काही नाही, मावशी. जेवढं फोटोत आलं तेवढंच असतं."

तिला माझं खोटं वाटत होतं, आणि का वाटू नये? "मघा समदं पांढरंच व्हतं," ती म्हणाली. "तवा बी तुमी काईच नाय म्हणला व्हता. मंग आलं ना? माझ्याम्होरं आलं. तसंच ह्ये बी काढा. मी थांबते. किती बी येळ लागू द्या, मी हितंच बसते."

आणि ती खरंच परत स्टुलावर जाऊन बसली, हात मांडीवर ठेवून. मला आयुष्यात इतकं असहाय कधी वाटलं नाही. तिला आशा लावली होती ती आम्हीच. मघाशी चित्रं येताना मी चहा सांगितला होता, त्या चहाची मला लाज वाटली.

नवऱ्याला राहवलं नाही. या धंद्यात एक युक्ती असते. ज्याच्याकडे सूट नसतो त्याला सूट चढवतात, ज्याचे केस गेले त्याला केस देतात. त्याने त्याच रांगेतला बिनगॉगलचा एक पोरगा निवडला, त्याच वयाचा, तशाच रंगाचा. त्याचे डोळे कापून घेतले आणि गॉगलच्या जागी बसवले. कडा पुसून एकजीव केल्या. काम बेमालूम झालं होतं. अनोळखी माणसाला कधी कळलं नसतं.

त्याने पडदा तिच्याकडे वळवला. ती उठली, जवळ आली.

"ह्ये कुनाचं?" तिने विचारलं.

मी खरं ते सांगितलं.

"त्येची माय हाय?"

"असेल, मावशी."

"मंग त्येचं त्येला देऊन टाका."

नवऱ्याने एक कळ दाबली. ते डोळे गेले आणि काळा गॉगल होता तिथे परत आला. मायने पदर सारखा केला, पडद्यावर दोन्ही काचांवरून एकदा बोटं फिरवली आणि दिराला म्हणाली, "चला भावजी. राहू द्या त्येला चष्मा. चौकात ऊन लई हाय."